दीपगृहाचा पंचनामा

इंग्लंड-स्कॉटलंडातले पोलीस, इतिहासकार आणि पाणबुडे यांनी मिळून जेवढी गूढं उकलली नसतील, तेवढी माझ्या व्याह्यांनी लोणावळ्यातल्या आपल्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून निकालात काढली आहेत. या कामावर त्यांना कुणी नेमलं नव्हतं, आणि निकाल लागल्यावर तो कळवायचा कुणाला हेही ठरलेलं नव्हतं. तरी दर रविवारी सकाळी साडेनऊला तिथे पाच पंच हजर असायचे. त्या पाचांत एक मी. मी तळेगावात राहतो, रविवारी उशिरापर्यंत झोपणं हा माझा निवृत्तीनंतरचा एकमेव छंद आहे. पण माझी मुलगी त्यांच्या घरात दिलेली आहे आणि व्याह्यांचा शब्द मोडायचा नसतो, हे माझ्या बायकोनं मला लग्नाच्या बैठकीतच बजावून ठेवलं होतं. तिकडून फोन आला की मी निमूटपणे चष्मा पुसायला घेतो.

व्याह्यांनी तलाठ्याची सगळी नोकरी मावळातच काढली. तलाठ्याला आमच्या भागात भाऊसाहेब म्हणतात, तसं गावोगावचे लोक त्यांना अजून म्हणतात, आणि विहीणबाईही घरात तेच म्हणतात. निवृत्त होऊन तेरा-चौदा वर्षं झाली, पण दप्तर काही अंगातून गेलं नाही. ते बोलत नाहीत, नोंद करतात. ‘सदर आमटीत मीठ कमी आढळून आले,’ हे वाक्य मी त्यांच्याकडे जेवताना स्वतः ऐकलेलं आहे, आणि विहीणबाईंनी त्यावर ‘दुरुस्ती करून घ्या’ म्हणत मिठाची बरणी पुढे सरकवलेलीही पाहिली आहे. कुठल्याही वस्तूची चतुःसीमा सांगितल्याशिवाय ती वस्तू अस्तित्वात आहे असं त्यांना वाटत नाही. आमच्या नातीच्या बारशाला मी हॉलमध्ये शिरताच त्यांनी मला पाळणा कुठे आहे ते सांगितलं ते असं: ‘पूर्वेस आत्याबाई, पश्चिमेस भिंत, दक्षिणेस तुमचं कुटुंब, उत्तरेस टेबलफॅन.’ पाळणा माझ्यापासून चार पावलांवर होता.

असा माणूस इंग्लंडच्या गूढांकडे वळला त्याला कारण माझी मुलगी आणि जावई. ते दोघं तिकडे नोकरी करतात. व्याही आयुष्यात एकदाच, चार महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेले. मुलं कामावर गेली की हे डोक्याला कानटोपी घालून एकटेच गावोगाव हिंडत. तिकडे म्हणे प्रत्येक पडक्या किल्ल्यापाशी, विहिरीपाशी, जुन्या पुलापाशी एक सुबक पाटी असते आणि तिच्यावर त्या जागेची दंतकथा लिहिलेली असते. या जिन्यावरून बिनमुंडक्याची राणी फिरते, असे म्हणतात. या पुलावर अमावस्येला घोडेस्वार दिसतो, असे म्हणतात. पहिले आठ दिवस त्यांनी सोसलं. नवव्या दिवशी एका किल्ल्याच्या तिकीटखिडकीतल्या म्हाताऱ्या बाईंना त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, ‘म्हणतात म्हणजे कोण म्हणतं? त्याचं नाव, वय, धंदा, राहणार?’ बाई गोड हसल्या आणि त्यांनी एक रंगीत पत्रक हातात दिलं. त्या पत्रकातही तेच लिहिलेलं होतं. परत आल्यावर मला ते दाखवताना व्याह्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. ‘सर, एवढं मोठं राज्य केलं त्यांनी आपल्यावर. आपल्याला प्रत्येक गोष्टीचा पंचनामा करायला त्यांनीच शिकवलं. आणि स्वतःच्या घरात बघा काय कारभार आहे.’

तेव्हापासून हे रविवारचं काम सुरू झालं. मी तळेगावच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे मुलीनं तिकडून पाठवलेले कागद वाचून तोंडी मराठी करून सांगणं माझ्याकडे. बाकीचे चार पंच म्हणजे शेजारच्या निवृत्त नर्सबाई, समोरच्या बंगल्याचे राखणदार, कोपऱ्यावरचे सलूनवाले आणि घाटाखालच्या गावातून दूध घालायला येणारे मामा. मी वाचायचं, व्याह्यांनी मध्येच अडवून प्रश्न विचारायचे, पंचांनी आपापल्या अनुभवातून मत द्यायचं, आणि शेवटी व्याही आपल्या गोलाकार अक्षरात सगळं उतरवून काढत. तळाशी नेहमीचं वाक्य: ‘वरील पंचनामा आमचे समक्ष केला, आम्ही वाचून पाहिला, तो बरोबर आहे.’ त्याखाली आमच्या सह्या. मी एका हातात पोह्यांची बशी धरून दुसऱ्या हातानं या वाक्याखाली कितीतरी वेळा सही केली आहे आणि वाचून एकदाही पाहिलेलं नाही.

गूढ कुठलंही असो, ते मावळच्या जमिनीवर तपासून बघायचं, ही व्याह्यांची पद्धत. स्कॉटलंडातल्या एका लांबोळक्या तळ्यात मान वर काढणारा अजस्र प्राणी राहतो, ही गोष्ट जगजाहीर आहे. व्याह्यांनी तळ्याची चतुःसीमा लिहून घेतली आणि आम्हा सगळ्यांना पवना धरणाच्या काठी, तिकोणा पेठेजवळ नेलं. तिथल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची म्हैस आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात उतरवली. मग आम्हाला काठावर लांब लांब उभं केलं आणि एकमेकांशी न बोलता तासाभरानं काय दिसतं ते लिहायला लावलं. नर्सबाईंनी ओंडका लिहिला. राखणदारांनी मगर लिहिली. मला ऊन डोळ्यांवर येऊन काहीच दिसत नव्हतं, पण व्याह्यांचा मान राखायचा म्हणून मी ‘दोन उंचवटे’ असं लिहिलं. पलीकडे तंबूत राहायला आलेली पुण्याची मंडळी मोबाइल उंचावत धावत आली आणि त्यांतल्या एकाला तर मान लांब होताना स्पष्ट दिसली. शेतकरी बिचारा गोंधळून आमच्या तोंडाकडे बघत होता. ‘म्हस हाय ती,’ तो म्हणाला. ‘तुमीच तर उतरवलीया.’ व्याह्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. पंचांना म्हैस दाखवून पाण्यात सोडली तरी तासाभरात तिची मगर होते, असा निष्कर्ष त्यांनी तिथेच मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिला.

दक्षिण इंग्लंडातल्या माळावर वर्तुळात उभे केलेले प्रचंड दगड कुणी आणि कसे आणले, यावर तिकडे म्हणे विद्वानांत एकमत नाही. व्याही त्यासाठी सुदुंबऱ्यातल्या एका ऐंशीच्या पुढच्या शेतकऱ्याकडे गेले, कारण त्या म्हातारबांनी तरुणपणी देवळाची मोठी शिळा ओंडक्यांवरून ओढून आणलेली होती. म्हातारबांनी ओंडके किती, दोर कुठला, बैल किती ते सगळं नीट सांगितलं आणि मग म्हणाले, ‘पर ह्ये समदं आसूनबी दगूड हालत न्हाई. पुढं एक शिव्या द्येनारा लागतो. त्यो आमच्यात आमचा चुलता व्हता.’ व्याह्यांनी साहित्याच्या यादीत ‘शिव्या देणारा इसम, एक’ अशी नोंद केली. आणि लंडनच्या किल्ल्यात कोंडलेले दोन अल्पवयीन राजपुत्र नाहीसे झाले, त्या प्रकरणाला तर त्यांना चहा निवेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. मी दीड पानच वाचलं होतं. त्यांनी विचारलं, ‘राज्यावर पुढची वारसनोंद कुणाची लागली?’ मी म्हटलं, सख्ख्या काकाची. त्यांनी पेनाला टोपण लावलं. ‘मावळात हे प्रकरण मी दर दोन वर्षांनी बघितलंय, सर. तिथे राज्य आहे, आपल्याकडे दीड एकर असतं.’ नर्सबाईंनी विचारलं, म्हणजे काकानंच मारलं का. त्यावर ते एकदम गंभीर झाले. ‘तसं मी कुठे म्हटलं? संशय आहे, पुरावा नाही. असेल तेवढंच लिहायचं. त्यात एक अक्षर भर घातलीत तर तुमच्यात आणि त्या पाटीवाल्यांत फरक काय?’

हे मात्र त्यांचं खरं मर्म होतं. भुताखेतांचा त्यांना राग नव्हता, राग होता तो भर घालण्याचा. घटना घडते एवढीशी, मग कुणाला ती अपुरी वाटते, कुणाला ती नीटनेटकी करावीशी वाटते, आणि अशी चार माणसांच्या हातून गेली की मूळ माणूस त्यात सापडेनासा होतो, असं ते पोटतिडकीनं सांगत. मला तेव्हा हे जरा अतीच वाटे. दंतकथेनं कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटे. पण मुलीच्या सासऱ्यांशी वाद घालत नाहीत.

मग गेल्या वर्षी एका रविवारी मी ते दीपगृहाचं प्रकरण वाचायला घेतलं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रात एक खडकाळ बेट आहे. त्यावर दीपगृह आणि ते सांभाळणारे तीन रखवालदार. शंभरावर वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात त्यांना बदली माणूस घेऊन बोट पोचली, तर दार लोटलेलं, दिवा विझलेला आणि तिघांचाही पत्ता नाही. पुढे सगळीकडे असं सांगितलं जातं की टेबलावर अर्धवट टाकलेलं जेवण होतं, खुर्ची उलटी पडलेली होती, जणू तिघांनी काहीतरी भयंकर पाहिलं. व्याह्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘आत पहिलं कोण गेलं? तो स्वतः काय म्हणतो?’ मी कागद चाळले. जो पहिला आत गेला त्याच्या सांगण्यात जेवणाचा उल्लेखच नव्हता. स्वयंपाकघर उलट आवरलेलं होतं. ते जेवण नंतर कुणीतरी गोष्टीत आणून ठेवलं. व्याही संतापले. ‘मेलेल्या माणसांच्या ताटात वाढायला निघाले,’ ते म्हणाले. ‘पुढे वाचा. खरं काय सापडलं?’

खरं सापडलं ते फार थोडं होतं. दोघांचे पावसाळी कोट आणि बूट जागेवर नव्हते, म्हणजे ते घालून दोघं धक्क्याकडे गेले होते. तिसऱ्याचा कोट मात्र तिथेच राहिलेला होता. एकानं दिव्यापाशी थांबायचंच, असा तिथला नियम होता. तरी तिसरा गेला होता, आणि वादळी थंडीत नुसत्या सदऱ्यावर गेला होता. मी एवढं सांगून थांबलो. व्याह्यांनी पंचांकडे पाहिलं आणि ठरलेल्या आवाजात प्रश्न टाकला, ‘भर पावसात माणूस अंगावर काही न घेता घराबाहेर केव्हा जातो?’ सलूनवाले म्हणाले, वेड लागलं तर. दूधवाल्या मामांनी मान हलवली. ‘न्हाई भाऊसायेब. आपलं मानूस पान्यात गेलं, न्हाईतर जनावर गेलं. तवाच घ्येत न्हाई. घ्यायला येळ कुटं आसतो?’

व्याही लिहीत होते ते थांबले. त्यांनी मामांना तेच पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी कागद दुमडून खिशात घातला आणि ‘आज पंचनामा तहकूब’ असं म्हणून ते आत निघून गेले. पोहे आले, चहा आला, पण ते काही बाहेर आले नाहीत. त्यांचा कुठलाही पंचनामा सहीशिवाय राहिल्याचं आम्हा पाचांपैकी कुणालाच आठवत नव्हतं.

पुढच्या रविवारी फोन नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आमच्या घरी धाबं दणाणलं. मानपानात काही चुकलं का, दिवाळीच्या फराळात चिवडा खवट गेला का, मी दीपगृह वाचताना काही वावगं बोललो का, याची माझ्या बायकोनं कसून चौकशी केली आणि शेवटी डिंकाचे लाडू देऊन मला लोणावळ्याला धाडलं. दार विहीणबाईंनी उघडलं. ‘बरं झालं आलात,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘पंधरा दिवस झाले, ट्रंक उघडून बसलेत. आमटीला नावंसुद्धा ठेवली नाहीत.’

व्याही आतल्या खोलीत जमिनीवर बसले होते. भोवती त्यांच्या नोकरीतल्या कच्च्या वह्या पसरलेल्या. तलाठी जागेवर जाऊन आधी कच्चं टिपण करतो आणि मग कचेरीत बसून पक्कं लिहितो. पक्कं सरकारजमा होतं, कच्च्या वह्या यांनी जपून ठेवल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी माझ्यापुढे सरकवली आणि सगळं सांगितलं. ते सांगताना त्यांच्या बोलण्यात एकदाही ‘सदर’ आलं नाही.

गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची, त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीची. आंदर मावळातलं अगदी टोकाचं एक गाव. भातलावणीच्या दिवसांत ओढ्याला अचानक मोठं पाणी आलं आणि हे नुकसानीचा पंचनामा करायला चिखल तुडवत तिथे पोचले. कुणाची भिंत गेली होती, कुणाची खाचरं वाहून गेली होती. त्यातच एका घरचा कर्ता तरुण दिसेनासा झाला होता. त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, घरात फक्त बहिरी आई. तिला काही सांगता येईना. व्याह्यांनी घर पाहिलं. पावसात पाठीवर घ्यायचं पानांचं इरलं खुंटीला टांगलेलं होतं. इरलं घरात म्हणजे गडी शेतावर किंवा ओढ्यावर गेलाच नाही, असा त्यांनी हिशोब केला. पंचांपैकी एकजण म्हणाला, आदल्या दिवशी भावकीत भांडण झालं होतं, मुंबईला जाईन म्हणत होता. झालं. व्याह्यांनी पक्क्या कागदावर लिहिलं: सदर इसम कोणास न सांगता निघून गेला असावा. पाचही पंचांनी खाली सह्या-अंगठे केले.

‘आता वरची ओळ वाचा,’ ते मला म्हणाले. मी वाचली. त्याच घराच्या नुकसानीत लिहिलं होतं: ओढ्याकाठी बांधलेले रेडकू वाहून गेले, दावे खुंट्यापाशी कापलेले. ‘मी पक्क्यात काय लिहिलं माहीत आहे? तुटलेले. पुरात दावं तुटतं, कापलं कसं जाईल, हे बरं दिसत नाही, असं वाटलं मला. मी ते नीटनेटकं केलं, सर.’ त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. ‘दावं कापायला माणूस लागतो. तो तिथे होता. त्यानं पाणी बघितलं आणि इरलं न घेता पळाला. दोन ओळी एकाखाली एक मी माझ्या हातानं लिहिल्या, आणि चाळीस वर्षं मला दिसल्या नाहीत. त्या दीपगृहातला कोट मात्र दिसला.’

मी त्यांना म्हटलं, पुरावा तर नाही, तर्कच आहे. त्यांच्याच भाषेत सांगितलं तर पटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी मान डोलावली. ‘पुरावा नाही. पण तो पळून गेला यालाही नव्हता. ते मात्र मी लिहून बसलो.’

चार दिवसांनी आम्ही दोघं आंदर मावळात गेलो. तिकडे बस दिवसातून एखादीच, म्हणून माझी मोटार घेतली, आणि डांबर संपलं तिथून पुढे चालत गेलो. व्याही भराभर चालणारे, पण त्या दिवशी दर वळणावर थांबत होते. मलाच त्यांची दया आली. वाटेत त्यांनी मला एकदाच विचारलं, ‘त्याची बायको जिवंत आहे असं कळलंय. भेटली तर सुरुवात कुठून करायची?’ मुलांना निबंधाची सुरुवात शिकवण्यात माझा जन्म गेला, पण मी त्यांना वाटेतला सैल दगड तेवढा दाखवला.

गावात आधी भेटले ते त्या जुन्या कागदावरच्या पाच पंचांपैकी एकटे उरलेले आबा. मुंबईचं सांगणारे तेच. त्यांनी भाऊसाहेबांना लगेच ओळखलं, हात धरून ओट्यावर बसवलं. व्याह्यांनी विचारलं, ‘आबा, तो मुंबईला गेला हे तुम्हाला नक्की माहीत होतं का हो?’ आबांनी साधेपणानं उत्तर दिलं. ‘म्या आपलं बोललो. रागाच्या भरात मानूस म्हनतंच की जातो म्हून. पर तुमी कागदावं लिवलं तवा खात्री पटली. भाऊसायेब लिवत्यात म्हंजी चवकशी केली आसंल.’ व्याह्यांनी लिहिलं ते आबा म्हणाले म्हणून, आणि आबांनी मानलं ते यांनी लिहिलं म्हणून. इंग्लंडभर हिंडून ज्याचं नाव, वय, धंदा, राहणार मिळालं नव्हतं, तो ‘असे म्हणतात’ म्हणणारा इसम त्यांना त्या ओट्यावर सापडला होता, आणि तो ते स्वतःच होते. आबा पुढे सांगतच होते. कुणीतरी त्याला कल्याणला पाहिलं म्हणे, कुणी म्हणे त्यानं तिकडे दुसरं घर केलं. मागाहून झालेल्या पोरीच्या सोयरिकी दोनदा मोडल्या, पळालेल्या बापाची म्हणून. तिसऱ्यांदा जमली.

त्या तरुणाची बायको म्हणजे आता गावाच्या मावशी; त्या अंगणात भाताला ऊन देत होत्या. साठी उलटलेली, काटक बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू. आम्हाला घोंगडी टाकून दिली, पाणी दिलं. व्याह्यांनी खिशातून कागद काढला, कारण कागदाशिवाय त्यांना बोलता येत नव्हतं, आणि वाचायला लागले. बारशात पाळण्याची चतुःसीमा सांगणारा त्यांचा तो आवाज दोन ओळींतच अडखळला. दावं कापलेलं होतं, मी तुटलेलं लिहिलं, इरलं खुंटीला होतं, मी चूक अर्थ लावला, असं सगळं वाचून त्यांनी शेवटचं वाक्य वाचलं: ‘तो कुणाला टाकून गेला नव्हता. ही नोंद चुकीची होती आणि ती माझी होती.’ मग कागद खाली ठेवून ते म्हणाले, ‘मावशी, मला माफ करा.’

मावशी भातावरून हात फिरवत होत्या तशाच फिरवत राहिल्या. म्हणाल्या, ‘रेडकू सोडवाय गेलता व्हय.’ मग त्यांनी भातातला एक खडा वेचून बाहेर टाकला. ‘त्याचं लय ग्वाड व्हतं त्याला. म्या माह्येरी निघाले तवा म्हनला, तू तिकडं पोर आन, म्या हितं ह्ये वाढवतो.’ मी दुसरीकडे बघायला लागलो. पोरीच्या सोयरिकीचं, लोकांच्या बोलण्याचं त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला फार वाटलं.

मग त्यांनी तो कागद उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि व्याह्यांना विचारलं, ‘भाऊसायेब, मंग आता कुकू पुसू का ठिवू, त्ये लिवलंय का ह्यात?’

त्या विचारण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. ज्या माणसापाशी स्कॉटलंडच्या तळ्यापासून लंडनच्या किल्ल्यापर्यंत सगळ्याचा निष्कर्ष होता, त्यानं त्या अंगणात नुसता चष्मा पुसायला घेतला. खरं शोधून काढलं की काम संपतं, असंच आम्ही दोघं समजून चाललो होतो. ते पुढे दुसऱ्याच्या कपाळावरच्या कुंकवापर्यंत जाऊन पोचतं, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शेवटी मावशींनीच त्यांची सुटका केली. ‘ऱ्हाऊ द्या,’ त्या म्हणाल्या. ‘लोकं पळाला म्हनायची तवा म्या त्यांच्या नाकावं टिच्चून लावत व्हते. त्याच्यासाठी कदी लावलंच न्हाई. आता त्याच्यासाठी लावीन.’ आणि आम्ही उठलो तेव्हा त्यांनी आबांच्या ओट्याकडे बोट केलं. ‘जाताजाता तितं म्होरं बसून मोठ्यानं वाचा एकदा. समद्यांस्नी बोलवून. म्या बी येते.’ व्याह्यांनी वाचलं. या खेपेला अडखळले नाहीत. मावशी सगळ्यांत पुढे, पदर खोचून, ताठ उभ्या होत्या.

आता रविवारी पाच पंच जमत नाहीत. मी मात्र जातो, आणि आता फोनची वाट बघत नाही. ट्रंकेतल्या अजून बऱ्याच वह्या राहिल्या आहेत. मी कच्चं वाचतो, ते आठवून पक्क्यात काय लिहिलं होतं ते सांगतात, आणि जिथे दोन्ही जुळत नाही तिथे खूण करतात. खुणा फार नाहीत, पण आहेत. मध्यंतरी मुलीनं तिकडून एका पडक्या मठातल्या जोगिणीच्या भुताची छान गोष्ट पाठवली. व्याह्यांना जरा विरंगुळा होईल म्हणून मी ती रंगवून वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. कोण म्हणतं, असं त्यांनी विचारलं नाही. ‘तिची वाट बघणारं कुणी उरलंय का हो?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कित्येक शतकं झाली, आता कोण असणार. ‘मग असू दे त्यांची गोष्ट त्यांच्याकडे,’ ते म्हणाले आणि त्यांनी पुढची वही माझ्या हातात दिली. ‘आपल्याकडची वाट बघणारी अजून हयात आहेत, सर. तोवर उरकलं पाहिजे.’